"मीठ मी सोडलंय हो, डॉक्टरताई"

भोपाळात मफलर बाहेर निघाले की माझ्याकडे बीपीचे फोन वाढतात. थंडीत ते थोडं चढतंच. यंदा एका वाचकाने विचारलं, "तीन-तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही, काय करावं?" उत्तर देण्याआधी माझी एक जुनी चूक सांगते.

शिवाजीनगरातल्या माझ्या दवाखान्यात एक शिक्षिका यायच्या. वय ४६, बीपी अडतिसाव्या वर्षापासून. तीन गोळ्या चालू, तरी १७०/१०४. आता आपल्याकडचं खाणं तुम्हाला ठाऊकच आहे: सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, दुपारी पापड-लोणचं, संध्याकाळी कचोरी. माझं निदान ठरलेलं, मीठ! दर वेळी मी रागवायची आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "मीठ मी सोडलंय हो, डॉक्टरताई." माझा विश्वास बसायचा नाही. रात्री पायात गोळे येतात, लघवीला तीनदा उठावं लागतं, शाळेचा जिना चढताना मांड्यांत जीव राहत नाही, हेही त्या सांगायच्या. मी म्हणायची, वय झालं, दगदग होते. हे दोन वर्षं चाललं.

मग एकदा रक्त तपासलं, तर पोटॅशियम २.९. असायला हवं ३.५ ते ५. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटॅशियम जातं, म्हणून ती बंद करून पोटॅशियमचं औषध दिलं. महिन्याने पुन्हा पाहिलं, ३.१. तेव्हा कुठे माझं डोकं ताळ्यावर आलं.

आपल्या पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० असतं आणि बाहेर रक्तात जेमतेम ४. सोडियमचं नेमकं उलट. हा फरक टिकवायला पेशीच्या पडद्यात एक पंप रात्रंदिवस चालतो, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ साली खेकड्याच्या नसांवर काम करताना तो शोधला. नोबेल मिळालं १९९७ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी! रक्तातलं पोटॅशियम घसरलं की हा तोल जातो, स्नायू दमतात, आणि हृदयाचे ठोकेसुद्धा चुकू शकतात.

शरीरात मीठ किती ठेवायचं, हे बऱ्याच अंशी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन ठरवतं. ते तयार होतं किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. ते किडनीच्या बारीक नळ्यांतल्या पेशींना सोडियम परत घ्यायला लावतं. सोडियममागे पाणी येतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे जातं. बड्या तलावाची पातळी १६६६.८० फुटांवर गेली की भदभद्याचे दरवाजे उघडतात ना, तशीच सोय इथेही आहे. मीठ-पाणी पुरेसं झालं की किडनी रेनिन कमी सोडते आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉनही उतरतं. या बाईंच्या ग्रंथीला तो निरोप पोचतच नव्हता. तपासणीत रेनिन जवळपास नाहीच आणि अल्डोस्टेरॉन भरपूर. म्हणजे त्यांनी मीठ खरंच सोडलं होतं. त्यांचं शरीर मात्र सोडायला तयार नव्हतं.

हा आजार अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली वर्णिला. त्यांची रुग्ण ३४ वर्षांची बाई होती, तिलाही अशीच अशक्तता आणि पेटके. आमचं गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेही १९५५ मध्येच. आम्ही पुस्तकात 'कॉन्स सिंड्रोम' पाठ केला, तो फार दुर्मिळ असं समजून. दुर्मिळ मुळीच नाही! बीपीच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना हा असू शकतो, तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत तर त्याहून जास्त. आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत पोटॅशियम नॉर्मलच असतं, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने तर बीपीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करावी असं सुचवलं आहे.

तेव्हा त्या वाचकांनी आपल्या डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणीबद्दल जरूर विचारावं. काही गोळ्यांमुळे निकाल बदलतो, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणखी एक. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं.

बाईंच्या डाव्या ग्रंथीवर छोटी गाठ निघाली. दिल्लीला दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त तपासून खात्री केली आणि मग दुर्बिणीतून ती ग्रंथी काढली. सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही, दोन्ही बाजूंनी दोष असेल तर स्पायरोनोलॅक्टोन हे औषध चालतं. बाईंना आता एकच गोळी आहे, बीपी १२८/८०. जिना चढतात. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, "अहो, असू द्या."

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचा डबा आला. वरच शेव होती आणि तिच्यावर चिठ्ठी: "ही तुमच्यासाठी. मी खात नाही."