जीव आंबटात आहे

घरी कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, करणारी मंडळी बरणीतल्या त्या जाड, पांढुरक्या, बुळबुळीत चकतीला फार जपतात. चकती तळाशी गेली की धास्ती, तिला भोक पडलं की धास्ती, आणि एखादा घाणा बिघडला की पहिला संशय तिच्यावर. ही सगळी काळजी चुकीच्या जागी खर्च होते असं माझं मत आहे. जपायला हवं ते चकतीखालचं आंबट पाणी. विरजण निवडताना आपण दह्याची चव बघतो, वरच्या सायीची जाडी मोजत नाही. कोम्बुचालाही तोच नियम लागू आहे.

बरणीत काय घडतं ते पाहिलं की कारण लक्षात येतं. चहातली साखर यीस्ट फोडतं आणि तिच्यापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. ॲसिटिक जिवाणू हवेतला प्राणवायू घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. म्हणून तर बरणीला घट्ट झाकण न लावता कापड बांधायचं. कोमागाटाईबॅक्टर झायलिनससारखे काही जिवाणू हे करता करता पाण्याच्या पृष्ठभागावर सेल्युलोजचे धागे विणतात. चकती ती हीच. फिलिपिन्समध्ये याच जातीचे जिवाणू नारळाच्या पाण्यावर असाच थर धरतात आणि लोक त्याचे गोड तुकडे ‘नाता दे कोको’ म्हणून खातात. चकतीत जिवाणू आणि यीस्ट राहतात हे खरं, पण ते खालच्या पाण्यातही असतात. पाश्चराइझ न केलेला साधा, मुरलेला कोम्बुचा गार झालेल्या गोड चहात घातला, तर चकती नसतानाही एक-दोन आठवड्यांत नवा पापुद्रा धरू लागतो. उलट, चकती नळाखाली धुऊन नुसत्या गोड चहात सोडली तर आंबवण रेंगाळतं आणि तेवढ्या अवधीत बुरशीला मोकळं रान मिळतं.

बुरशीला रोखते ती आम्लता. ताजा गोड चहा फारसा आंबट नसतो आणि बुरशीचे बीजाणू तर घरच्या हवेत कायम असतात. म्हणून पहिल्याच दिवशी मिश्रणाचा पीएच ४.५ च्या खाली असावा. त्यासाठी लिटरभर चहाला आधीच्या घाण्यातलं शंभर ते दोनशे मिलिलिटर आंबट पाणी लागतं. हे पाणी आलं किंवा फळं घालण्याआधीच वेगळं काढावं, आणि तेही वरच्या भागातून, कारण यीस्ट तळाशी बसतं. गावाला गेल्यामुळे महिनाभर बरणी तशीच राहिली आणि आतलं पाणी व्हिनेगरसारखं झालं, तरी ते फेकायचं कारण नाही. पुढच्या घाण्याला त्याच्याइतकं चांगलं विरजण नाही. फ्रिजमध्ये मात्र जिवाणू मंदावतात, म्हणून कल्चर बाहेरच, उन्हापासून लांब ठेवलेलं बरं.

यावर कुणी म्हणेल, चकती पृष्ठभाग झाकते, तेव्हा बुरशीला तीच अडवते. थोडी मदत होते हे मान्य. पण पाणी पुरेसं आंबट नसेल तर बुरशी त्याच चकतीवर उगवते, तिला तिथे आयती बैठक मिळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग जितकं आंबट तितकं चांगलं का? विरजणासाठी हो, पिण्यासाठी नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९९५ मध्ये कोम्बुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातलं आम्ल धोकादायक वाढलं आणि त्यांतली एक दगावली. दोष कोम्बुचाचाच होता हे सिद्ध झालं नाही, त्याच मूळ कल्चरचा कोम्बुचा पिणारे इतर अनेकजण ठणठणीत होते. तरीही अति आंबट झालेलं पाणी पेला भरून पिऊ नये, आणि गरोदर स्त्रिया, लहान मुलं व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरचा कोम्बुचा टाळावा, एवढा धडा घ्यायला हरकत नाही. शिवाय हे आम्ल भांड्यालाही खातं. चिनी मातीच्या भांड्यात केलेल्या कोम्बुचातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये केली आहे. म्हणून लोणच्याची जुनी बरणी किंवा तांब्यापितळेचं भांडं यापेक्षा साधी काचेची बरणी बरी.

चकतीची माया खरी महागात पडते ती बुरशी आल्यावर. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात, त्यांना घाबरू नये; पण पृष्ठभागावर कोरडी, लव असलेली हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी दिसली तर पाण्यासकट चकतीही टाकायलाच हवी. चकतीलाच कल्चर मानणारा माणूस नेमका इथे अडखळतो, ती धुऊन पुन्हा वापरतो आणि रोग पुढच्या बरणीत नेतो. आंबट पाण्यावर भरवसा असलेल्याला हा मोह पडत नाही. चांगल्या घाण्यातलं कपभर पाणी त्याने आधीच दुसऱ्या बाटलीत काढून ठेवलेलं असतं, आणि तेही नसेल तर तो शेजाऱ्याकडे चकती न मागता तेवढंच पाणी मागतो.