डिंकाचे लाडू खा, पण गोळ्या सोडू नका

थंडी पडली की आमच्या शहापूर-भंडारा भागात घरोघरी डिंक तळला जातो. घरात बाळंतीण असेल तर ऋतूही पाहत नाहीत. माझा लाडवांना विरोध नाही. "लाडू सुरू आहेत ना, मग गोळ्या कशाला?" या प्रश्नाला मात्र आहे, आणि तो मला दर महिन्याला ऐकू येतो. बहुतेक वेळा विचारणारी बाळंतीण नसते, तिची सासू किंवा आई असते.

डिंक म्हणजे झाडाच्या सालीला जखम झाली की पाझरणारा चीक, वाळून झालेला खडा. रासायनिकदृष्ट्या तो विरघळणारा तंतू आहे. आपल्या पाचकरसांनी तो पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला आंबवतात. त्यामुळे पोट साफ राहायला मदत होते, आणि जास्त झाला तर गॅस होतो. हाडं जोडणं, कंबर भरून काढणं हे त्याचं काम नाही. लाडवातून थोडंफार कॅल्शियम आणि लोह मिळतं ते खसखस, खारीक, खोबऱ्यातून. तूप-गुळातून भरपूर ऊर्जा मिळते. मध्यम आकाराचा एक लाडू साधारण दोनशे कॅलरीचा धरा. अंगावर पाजणाऱ्या आईला ती ऊर्जा हवीच असते; घरातल्या मधुमेही आजोबांना मात्र त्याच डब्यातले रोज दोन लाडू नकोत.

आता गोळ्यांचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणूनच बाळंतपणानंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी आणि कॅल्शियम घ्यायचं असतं. आशाताई या गोळ्या देतात. एवढं लोह लाडवातून मिळत नाही, कितीही खाल्ले तरी. शिवाय लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. आणि कृपा करून बाळंतिणीची डाळ-भाजी तोडू नका.

डिंकाचा औषधांशी संबंध नाही असं नाही. बाभळीच्या जातीचा डिंक गोळ्या बांधायला आणि पातळ औषधात पूड तरंगत ठेवायला वापरतात. पहिल्या महायुद्धात विल्यम बेलिस या इंग्रज शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून रक्त गेलेल्या सैनिकांच्या शिरेत डिंकमिश्रित सलाईन दिलं गेलं. पुढे तो डिंक यकृतात साठतो असं दिसल्यावर ते मागे पडलं. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी लावतात, तिच्याभोवती त्वचा सोलवटू नये म्हणून कुल्लूच्या, म्हणजे कांडोळाच्या डिंकाची चकती वापरत आले आहेत.

हा कुल्लूचा डिंक वेगळा ओळखा. लाडवात बाभळीचा किंवा धावड्याचा जातो. उन्हाळ्यात 'कतिरा' म्हणून सरबतात घालतात तो बरेचदा कुल्लूचा. तो पाण्यात विरघळत नाही, अनेक पटींनी फुगतो. कोरडा तोंडात टाकला तर घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो. तो रात्रभर भरपूर पाण्यात भिजवून, पूर्ण फुगल्यावरच घ्या. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो अशांना आणि लहान बाळांना अजिबात देऊ नका. आणि थायरॉईडची किंवा इतर कुठलीही गोळी घेतल्यावर दोन तास जाऊ द्या, मग सरबत प्या.