लेख्नर यांची कौले

बुडापेस्टला गेलेला माणूस डॅन्यूब आणि तिच्या काठचे संसदभवन पाहून खूश होतो. आम्हीही झालो. पण २०१५ च्या त्या प्रवासात मला वेड लावले ते उपयोजित कलांच्या संग्रहालयाने. (२०१७ साली ते नूतनीकरणासाठी बंद झाले.) वर हिरवी-पिवळी चकचकीत कौले, दाराशी चिनीमातीची वेलबुट्टी आणि आत पांढऱ्याशुभ्र महिरपी. थेट आग्र्याचा दिवाण-ए-आम आठवावा!

हा योगायोग नव्हे. वास्तुकार लेख्नर ओडोन (तिकडे आडनाव आधी लावतात) यांना हंगेरीची स्वतःची शैली हवी होती, व्हिएन्नाची उसनी नको होती. आपले पूर्वज पूर्वेकडून आले, तर पूर्वेकडेच पाहावे, असा त्यांचा विचार. १८८९ साली लंडनच्या संग्रहालयात त्यांनी पौर्वात्य कारागिरी अभ्यासली आणि १८९६ साली ही इमारत उभी राहिली. पुढे टपाल बचत बँकेच्या छपरावर त्यांनी मधमाश्या चढवल्या. रस्त्यावरून त्या धड दिसतही नाहीत. पाखरांना तर दिसतील, असे ते म्हणाले म्हणतात. सरकारला मात्र हा थाट रुचला नाही. मोठी सरकारी कामे त्यांना मिळेनाशी झाली.

भाषाही शेजाऱ्यांपेक्षा अगदी निराळी. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबन' म्हणजे घरात. माझी सून कानडी माहेरची. ती लगेच म्हणाली, "अत्ती, हे तर आपलं मनेयल्ली!" दोन्ही भाषांचे नाते काही नाही, पण शब्दाला शेपूट जोडण्याची रीत ओळखीची वाटली खरी.

लेख्नर यांचे निळे चर्च पाहायला मात्र सीमा ओलांडावी लागते. १९१३ साली ते पुरे झाले तेव्हा गाव हंगेरीत होते, नाव पोझोन्य. जर्मन बोलणारे त्याला प्रेसबुर्ग म्हणत. पुढच्याच वर्षी लेख्नर वारले. १९२० च्या त्रियानों कराराने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला, ३३ लाखांच्या आसपास हंगेरी भाषक नव्या सीमांपलीकडे राहिले. पोझोन्य आज स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा आहे. गावाच्या नावावरून माणसे किती जपून बोलतात, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे?

चर्चच्या फिक्या निळ्या भिंतीला हात लावून सूनबाईने विचारले, "अत्ती, हे आता कुणाचं म्हणायचं?"

आत एका लग्नाची तयारी चालली होती. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो.