पिसे काढायचे यंत्र गावच्या वेल्डरकडूनच करून घ्या



कोरडवाहू घरात मोठा पैसा वर्षातून दोनदा दिसतो, कापूस विकला तेव्हा आणि ज्वारी विकली तेव्हा. मधल्या दिवसांत मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, दवाखान्याची चिठ्ठी हे सगळे घरच्या बाईच्या कोंबड्या भागवतात. या पैशाला कोणी पीक म्हणत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कोणी मांडत नाही. तो आज मांडू.

कोंबडी जिवंत विकली की काटा व्यापाऱ्याचा आणि भावही त्याचाच. साफ करून विकली तर काटा आपला. कापसाचे आपण हेच भोगत आलो. आपण विकतो कापूस. रुई वेगळी, सरकी वेगळी करून त्यावर मिळवतो दुसरा. अंगणातल्या पाखराचेही तसेच चालू राहावे, असा काही निसर्गाचा नियम नाही.

मग अडते कुठे? पिसांपाशी. हाताने एक गावरान कोंबडी नीट साफ करायला बारा मिनिटे धरा. वीस कोंबड्यांना चार तास झाले. वेचणीच्या दिवसांत चार तास कोणत्या बाईकडे आहेत? म्हणून दुकानदार पिसांसकट कातडीच ओढून काढतो. काम झटपट होते, पण कातडीचे वजन उकिरड्यावर जाते. गावरान कोंबडी तर कातडीसकट भाजून, हळद लावून खाणारे गिऱ्हाईक मागते.

बटेराचे नुकसान आणखी मोठे. १९७४ साली इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणलेली ही जपानी लाव्ह्याची जात पाच-सहा आठवड्यांत दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. दोनशे ग्रॅमच्या पाखराची कातडी फेकली तर हाती राहिले काय?

यावर यंत्र आहे आणि त्यात गूढ काहीच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हेरिक किंबॉल या माणसाने प्लास्टिकच्या पिंपातून असे यंत्र घरी केले आणि त्याची रीत सर्वांसाठी लिहून काढली. त्यावरून तिकडच्या कित्येक लहान शेतकऱ्यांनी आपापली यंत्रे बनवली. आपल्याकडे कडबा कुट्टीची दुरुस्ती करणारा माणूस गावोगाव आहे. तो हे करू शकत नाही, असे आम्ही मानत नाही.

दोनशे लिटरचे प्लास्टिकचे पिंप घ्या आणि अर्ध्यावर कापा. आतल्या भिंतीला रबरी बोटे बसवा. ती कुक्कुटपालनाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. तळाशी बोटे बसवलेली गोल थाळी फिरती ठेवा. थाळी आणि भिंत यांत दोन सेंटिमीटरची फट राहू द्या, म्हणजे पिसे पाण्याबरोबर खाली पडतील आणि पाय अडकणार नाही. मोटर एक अश्वशक्तीची, सिंगल फेजची. तिच्या पाटीवर १४४० फेरे लिहिले असतील, तर मोटरला तीन इंची पुली आणि थाळीच्या दांड्याला अठरा इंची. थाळी मिनिटाला २४० च्या आसपास फिरेल. पाटीवर २८०० असेल तर हे माप चालणार नाही, वेग दुप्पट होईल.

पक्षी पूर्ण मेल्यावर आणि रक्त निथळल्यावरच गरम पाण्यात धरायचा. कोंबडीला साठ अंश सेल्सिअसचे पाणी आणि सुमारे एक मिनिट. शेपटीचे पीस सहज निघाले की पाणी लागले असे समजा. मग पिंपात अर्धा-एक मिनिट पुरते. बटेराची कातडी पातळ, त्याला पाणी त्रेपन्न-चोपन्न अंशांचे. ते पिंपात टाकू नका, फाटेल. त्यासाठी मऊ बोटांचा, हळू फिरणारा लहान रूळ करा आणि पाखरू हातात धरून त्याला टेकवा. मिनिटाला एक पक्षी धरला तरी तासात साठ होतात, आणि वीज लागते एका युनिटच्या आसपास.

आता ज्या गोष्टींत तडजोड नको, त्या सांगतो.

पिंप औषधाचे नको. कीटकनाशकाचे पिंप कितीही धुतले तरी खाण्याच्या कामाचे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे गेली. तेच विष आपण गिऱ्हाइकाच्या ताटात वाढायचे काय?

पट्ट्यावर जाळी हवीच. मळणी यंत्राने आपल्या किती माणसांचे हात नेले ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ साली झाला, तोवर उशीर झाला होता. या यंत्रावर बाई काम करणार आहे, तिला पदर आहे, वेणी आहे. शिवाय येथे पाणी आणि वीज शेजारी नांदतात. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांचा खर्च वाचवणाऱ्याने यंत्रच करू नये.

आजारी किंवा मेलेले पाखरू यंत्रात घालायचे नाही. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला आणि साऱ्या महाराष्ट्रात कोंबडीला कोणी विचारीना. एकाच्या लोभाचे मोल सगळ्यांना द्यावे लागते.

रानातला तितर आणि लाव्हा यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. शिवाय शेतातले किडे हीच पाखरे खातात.

पिसे नाल्यात टाकू नका. पिसांत नत्र भरपूर, पऱ्हाटीत आणि धसकटांत कर्ब भरपूर. पऱ्हाटीचे बारीक तुकडे, पिसे आणि शेण यांचे थर देऊन खड्डा ओला ठेवा. पिसे कुजायला वेळ घेतात, पण खत होते आणि युरियाच्या गोणीचा थोडा भार कमी होतो.

काही जण म्हणतील, अनुदानावर यंत्र येईल तेव्हा घेऊ. अनुदानाचे यंत्र येते, उद्घाटनाचा नारळ फुटतो, पहिला पट्टा तुटतो आणि मग ते ग्रामपंचायतीच्या खोलीत गंजते. कारण ते दुरुस्त करणारा गावात नसतो. आपल्या वेल्डरने केलेले यंत्र बिघडले तर तोच संध्याकाळी येऊन नीट करतो. घरोघरी यंत्राची गरज नाही, गावाला एक पुरे. मात्र त्याची मालकी कोंबड्या पाळणाऱ्या बायांच्या गटाची असावी आणि विक्रीचा पैसा त्यांच्याच हातात पडावा. बाईचा चार तासांचा वेळ वाचवायचा आणि वाढीव पैसा पुरुषाने खिशात घालायचा, हा धंदा आम्हाला मान्य नाही.

यंत्र आपोआप भाव देत नाही, हेही ऐकून ठेवा. गिऱ्हाईक आधी शोधा, लोखंड मागून कापा. आठवडी बाजार, खानावळी, लग्नाचे आचारी यांना विचारा. अन्न विभागाकडे लहान व्यावसायिक म्हणून नोंदणी करा, म्हणजे कोणी येऊन दम देणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक वही आणावी. जिवंत कोंबडी विकून किती आले, साफ करून विकली असती तर किती आले असते, लाकूड-वीज किती लागली, तास किती वाचले, हे त्यात लिहा. आकडे नफ्याचे निघाले तर वेल्डरला बोलवा, तोट्याचे निघाले तर यंत्राचा विचार सोडा. पण निर्णय आपल्या वहीवरून घ्या, व्यापाऱ्याच्या तोंडावरून नको.