विश्लेषण : काळी रेघ दिसली म्हणजे पाणी लागले का?

बोअरचे बिल फुटावर होते, पाणी लागो वा न लागो. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खाली बेसॉल्ट आहे आणि त्यात पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत, झिजलेल्या किंवा सच्छिद्र थरांत. म्हणून भेग नेमकी कुठे, हा शेतकऱ्यासाठी थेट पैशाचा प्रश्न आहे. तेलविहिरींत १९८०च्या दशकापासून त्यासाठी भोकाच्या भिंतीचे विद्युत चित्र घेतले जाते.

चित्र निघते कसे?

केबलला बांधलेले उपकरण तळाशी सोडतात आणि वर ओढताना नोंदी घेतात. त्याचे पॅड भिंतीला घट्ट टेकतात. पॅडवर बटणासारखे इलेक्ट्रोड असतात. तेलक्षेत्रातल्या एका प्रचलित उपकरणात असे १९२. प्रत्येक बटणातून खडकात किती वीज गेली, त्यावरून सुमारे ५ मिलिमीटर बारकाव्याचे चित्र तयार होते. वीज सहज गेली तिथे काळे, अडली तिथे फिकट.

पाइप तिरका कापून त्यावर गुंडाळलेला कागद उलगडला, तर कापलेली कड लाटेसारखी दिसते. तिरकी भेगही चित्रात तशीच उमटते. भोकाचा व्यास २० सेंटिमीटर आणि लाटेची तळापासून माथ्यापर्यंतची उंचीही २० असेल, तर भेगेचा उतार ४५ अंश. लाटेचा तळ ज्या दिशेला, उतारही त्या दिशेला. वर काढलेल्या खडकाच्या नमुन्यातून हे सहसा कळत नाही. जिथे भेग असते तिथेच तो तुटतो, शिवाय मूळ दिशाही हरवते.

मग अडचण काय?

काळी रेघ पाण्याची असू शकते, तशीच चिकणमातीने बुजलेल्या भेगेचीही, कारण दोन्हींतून वीज चांगली जाते. कॅल्साइटने भरलेली भेग फिकट दिसते. समोरासमोर दोन उभ्या रेघा दिसल्या तर तो तडा बहुधा खोदकामानेच पडलेला. तो पाण्यासाठी निरुपयोगी, पण जमिनीतल्या ताणाची दिशा सांगणारा. साताऱ्यातल्या गोठणे येथे कोयना प्रकल्पासाठी घेतलेल्या सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्राच्या चित्रांवरून अशीच दिशा काढली गेली. १९६७ च्या भूकंपाच्या त्या भूमीत हे मोलाचेच.

खासगी बोअरसाठी मात्र हे तंत्र खर्चिक आहे. भोकात पाणी किंवा पाण्याचा चिखल नसेल, तर ते चालतही नाही. म्हणजे कोरड्या गेलेल्या बोअरमध्ये, जिथे उत्तर सर्वाधिक हवे, तिथेच ते गप्प! त्याची जागा सार्वजनिक पाणीयोजनांच्या चाचणी बोअरमध्ये आहे. तिथेही सोबत तापमानाची आणि प्रवाहाची नोंद घ्यावी, कारण भेगेतून पाणी खरोखर वाहते का, हे त्या सांगतात. निविदेत उपकरणाच्या भाड्याबरोबर चित्र वाचणाऱ्या भूवैज्ञानिकाचा खर्चही धरायला हवा. नुसत्या रंगीत पट्ट्या फायलीला लावून गावाला पाणी मिळणार नाही.