आधी घासा, मग मारा

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतल्या जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा केअर रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांपैकी पाच जणांची एका डोळ्याची दृष्टी गेली. कारण निघालं स्युडोमोनास हा जंतू. डिसेंबर २०२१ मध्ये भांडुपच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहातल्या नवजात अतिदक्षता विभागात चार बाळं जंतुसंसर्गाने दगावली आणि प्रकरण विधानसभेत गाजलं. असं काही घडलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. चौकशी, निलंबन, आणि वॉर्डात फिनेल-हायपोचा असा काही मारा की पायरीवरच डोळे चुरचुरावेत.

या माऱ्यामागे एक सरळ युक्तिवाद आहे. जंतू आहेत ना, मग औषध वाढवा. एक टक्का हायपोने, म्हणजे क्लोरीनयुक्त हायपोक्लोराइटच्या द्रावणाने, भागत नसेल तर दोन टक्के वापरा. तेवढ्याने समाधान होत नसेल तर धुरी द्या, अतिनील दिव्याचं मशीन आणा. शेवटी पृष्ठभागांवर बोळा फिरवून स्वॅब तपासायला पाठवा. अहवाल निगेटिव्ह आला की ओटी, म्हणजे शस्त्रक्रियागृह, सुरू. हे म्हणणारे अडाणी नाहीत. क्लोरीन जंतू मारतं हे खरंच आहे, ते स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. बाटलीवरचा ९९.९ टक्क्यांचा दावाही चाचणीवरच बेतलेला असतो.

प्रश्न आहे तो चाचणी कुठल्या जंतूंवर झाली याचा. ती बहुधा द्रवात सुटे तरंगणारे किंवा चकतीवर नुकतेच वाळवलेले जंतू घेऊन होते. रुग्णालयातले जंतू असे सुटे राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट थर रचतात आणि त्यात वस्ती करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. क्लोरीन थराच्या वरच्या भागाशी भिडतं, तिथेच खर्ची पडतं, आणि तळाचे जंतू शाबूत राहतात. दातांवरचं किटण हीसुद्धा बायोफिल्मच; ते चूळ भरून जात नाही. हे लेवेनहुक या डच कापडव्यापाऱ्याने सतराव्या शतकातच पाहिलं होतं. व्हिनेगरने दात धुतल्यावर किटणाच्या बाहेरचेच सूक्ष्मजीव मेले, आतले तसेच राहिले, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं.

ओल्या नळीत थर बसतो हे पटतं, पण खाटेच्या कोरड्या कठड्यावर कसा बसेल, अशी शंका कुणी काढेल. तिचं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. तिथल्या एका अतिदक्षता विभागात क्लोरीनने अखेरची सफाई झाल्यावर संशोधकांनी गाद्या, पडदे अशा वस्तूंचे ४४ तुकडे कापून तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४१ तुकड्यांवर बायोफिल्म सापडली. त्याच गटाने पुढच्या वर्षी स्टॅफिलोकॉकसच्या वाळलेल्या थरावर २० हजार पीपीएमपर्यंत, म्हणजे दोन टक्के, हायपोक्लोराइट दहा मिनिटं वापरून पाहिलं. सुरुवातीला ताटलीवर जवळपास काहीच उगवलं नाही. नमुने जास्त दिवस उबवल्यावर मात्र जंतूंनी पुन्हा डोकं वर काढलं.

निगेटिव्ह स्वॅबचा भरवसाही इथेच डळमळतो. बोळा फिरवून थर निघत नाही आणि त्यातले अर्धमेले जंतू नेहमीच्या मुदतीत उगवत नाहीत. ‘काही उगवलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावून ओटी उघडणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं.

धुरीची हौस कोरोनाच्या काळात उपनगरांनी पोटभर भागवून घेतली. सोसायटीच्या फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत फवारणी झाली. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बजावलं की खोल्यांमध्ये फवारा किंवा धुरी मारण्याची शिफारस नाही. जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्याने पुसावं, आणि त्याआधी मळ काढावा. अतिनील दिव्याचं मशीन उपयोगी आहे, पण सफाई झाल्यानंतर. सावलीत आणि मळाखाली त्याचा किरण पोचत नाही.

आता कोरड्या वस्तूंकडून ओल्या जागांकडे, म्हणजे मोरीकडे वळू. उपनगरात गल्लोगल्ली दिसणारी नर्सिंग होम्स बरीचशी राहत्या इमारतीतले दोन-तीन फ्लॅट जोडून केलेली असतात. स्वयंपाकघराच्या जागी ड्रेसिंग रूम येते, पण नळाची लाइन जुनीच राहते. पाणी ठरल्या वेळी येतं, म्हणून गच्चीवरच्या टाकीत साठतं, आणि साठलेल्या पाण्यातलं क्लोरीन हळूहळू उडतं. त्यात एकाच बेसिनात सिस्टर हात धुतात, उरलेलं डेक्स्ट्रोज ओतलं जातं, नातेवाईक डब्यातली डाळ विसळतात आणि मावशी पोछा पिळतात. बेसिनाच्या जाळीखालच्या जंतूंना साखर, प्रथिनं आणि ओल हे सगळं आयतं मिळतं.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की खाद्य मिळालं तर बेसिनखालच्या वाकड्या पाइपातले जंतू रोज सुमारे अडीच सेंटिमीटर वर चढतात आणि जाळीशी पोचले की नळाच्या धारेबरोबर बाहेर उडतात. टोरांटोच्या एका अतिदक्षता विभागात २००४ ते २००६ या काळात ३६ रुग्णांना औषधांना दाद न देणाऱ्या स्युडोमोनासने गाठलं. उगम निघाला हात धुण्याच्या बेसिनांत. धार थेट जाळीवर पडायची आणि शिंतोडे किमान मीटरभर उडायचे. जंतुनाशक ओतून साथ हटली नाही. बेसिनांची रचना बदलल्यावर हटली.

मग करायचं काय? आधी डिटर्जंटच्या पाण्याने घासायचं, मग ताजं कालवलेलं जंतुनाशक लावून ठरलेली मिनिटं ओलं ठेवायचं, आणि शेवटी कोरडं करायचं. सकाळी कालवलेलं हायपो दुपारी त्याच गढूळ बादलीत पोछा बुडवून वापरण्यात काही अर्थ नाही. हात धुण्याच्या बेसिनात हातच धुवायचे. उरलेली सलाईन, डाळ आणि पोछा यांच्यासाठी वेगळी मोरी हवी. नळाची धार जाळीच्या बाजूला पडली पाहिजे. फाटक्या रेग्झिनची गादी आणि गंजलेला कठडा कितीही घासला तरी भेगांतला थर निघत नाही. त्या वस्तू बदलाव्याच लागतात. डोळ्यांच्या ओटीत तर मशीनच्या आतल्या नळ्याही यादीत हव्यात. मोतीबिंदूच्या फेको मशीनमधल्या दूषित द्रवमार्गांतून स्युडोमोनास डोळ्यात गेल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत.

‘आपल्याकडे एवढं परवडत नाही’ हा शेवटचा आक्षेप. पण घासण्याला लागतो तो वेळ, आणि काटकसर नेमकी तिथेच होते. कंत्राटावरच्या मावशींना दोन रुग्णांमधली खाट दहा मिनिटांत ‘मोकळी’ करून द्यायला सांगितलं जातं. कुठे हात फिरवायचा हे कुणी शिकवत नाही, आणि फरशी चमकली की साहेब खूश. ऑस्ट्रेलियातल्या ११ रुग्णालयांनी उलट रस्ता धरला. त्यांनी सफाई कामगारांना शिकवलं, कामाची पद्धत बांधून दिली, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, पण अतिनील प्रकाशात चमकणारा जेल वस्तूंवर लावून तो पुसला गेला का, हे तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खोल्यांमधल्या वारंवार हात लागणाऱ्या जागा नीट साफ होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं आणि व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एंटेरोकॉकसचे संसर्ग ३७ टक्क्यांनी घटले. सगळेच संसर्ग घटले नाहीत, हेही त्यांनी नोंदवलं.

हा जेल आणि तो पाहायला लागणारी छोटी बॅटरी यांसाठी कोट्यवधींची खरेदी लागत नाही. महापालिकेने सफाईच्या पुढच्या कंत्राटात खाटेमागे किमान मिनिटं, पगारी प्रशिक्षण आणि आठवड्याची जेल-तपासणी या तीन अटी घालाव्यात. सुरुवात जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड इथल्या पालिका रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांपासून आणि भांडुपसारख्या प्रसूतिगृहांपासून करावी, आणि तपासणीचे आकडे वॉर्डाच्या दारावर लावावेत.