दहावीनंतरचा उंबरठा

गुणगौरव समारंभांचा हंगाम आला की व्यासपीठावरून एक उपदेश हमखास होतो : परिस्थितीवर मात करा, शास्त्रज्ञ व्हा. समोर बसलेली खानापूर तालुक्यातील शेतमजुराची मुलगी टाळ्या वाजवते आणि महिनाभराने कला शाखेत नाव घालते. तिच्यात जिद्द नव्हती, असा निष्कर्ष आपण किती सहज काढतो!

दहावीपर्यंत ती मराठीत विज्ञान शिकलेली असते. पीयूसीच्या पहिल्याच दिवशी तेच विज्ञान इंग्रजीत समोर उभे राहते. ‘त्वरण’ तिला पक्के ठाऊक असते. ‘ॲक्सिलरेशन’ म्हणजे तेच, हे सांगणारे घरी कोणी नसते. वकिलाच्या मुलाला ही दरी शिकवणी लावून ओलांडता येते. गरिबाच्या मुलीला ती आपल्या बुद्धीचीच उणीव वाटू लागते.

माशेलला १९४३ साली जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकले. शालान्त परीक्षेनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा टाटांच्या एका न्यासाने दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला ती त्या ६० रुपयांचीही वाटते.

कायद्याचे पाहू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्यास सांगते, पण केवळ प्राथमिक स्तरावर. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते; मात्र माहितीपत्रकानुसार हा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांपुरताच. इंग्रजी, हिंदी व उर्दू देशभर मिळतात. म्हणजे बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मराठी मागताच येत नाही. प्रादेशिक भाषेच्या पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो, आणि या मुलांना नेमके तेच हवे आहे : दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी.

आठवीपासून फळ्यावर दोन्ही संज्ञा लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. दहावीच्या सुटीत निवृत्त शिक्षकांनी सहा आठवडे वर्ग घेतले, तरी पुष्कळ साधेल. परीक्षाकेंद्राचा प्रश्न मात्र दाद मागण्याचा आहे. आपल्या निवेदनांत फलकांच्या भाषेला पानेच्या पाने मिळतात, प्रश्नपत्रिकेला क्वचित एखादी ओळ. कलम ३५०ब अन्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असतो. पहिला अर्ज त्याच्याकडे करता येईल. मसुदा मी तयार करून देतो. त्यावर पीयूसीत विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या सह्या हव्यात.